मोहटोल्याच्या बायांचं पत्रावळी-यंत्र

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी दाबणं हे माझं काम. चंद्रपूरच्या एका तंत्रशिक्षण कॉलेजच्या कार्यशाळेत, पार शेवटच्या खिडकीखाली मी उभा असतो. बिडाचं अंग, वर एक साचा, खाली एक साचा, पायाशी पेडल आणि पोटात कोळशाची शेगडी. कमरेवर पांढऱ्या रंगात कॉलेजचा नंबर रंगवलेला आहे. येणारी नवी मुलं मला पाहून विचारतात, हे काय आहे? कोणी म्हणतं, पापडाचं मशीन. कोणी म्हणतं, इस्त्रीचं. मी गप्प राहतो. पण आज मला बोलायचं आहे, कारण माझ्या आयुष्यात जी माणसं आली ती फार नेटाची होती, आणि त्यांचं नाव निघावं असं मला वाटतं.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता, त्या सुमाराची गोष्ट. आमच्या कॉलेजात हरिदास रामटेके नावाचे सर यंत्ररचना शिकवत. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर घेऊन ते मूल या तालुक्याच्या गावाच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला असलेल्या मोहटोला नावाच्या गावी गेले. तिथं मुलांनी खड्डे खणले, झाडं लावली, आणि जेवायला बसली तेव्हा प्रत्येकापुढं पळसाची पत्रावळ आली. वरण वाढलं की ते पानांच्या फटीतून खाली गळे आणि मुलं हसत हसत पटापट भुरके मारत. सरांना हसू आलं नाही. वाढणाऱ्या बाईंच्या बोटांकडे त्यांचं लक्ष गेलं होतं. बांबूच्या बारीक काड्यांनी पानं टाचून टाचून त्यांच्या बोटांची टोकं खरबरीत झाली होती.

त्या होत्या मनकर्णाबाई. गावच्या महिला मंडळाचं सगळं त्याच पाहत. आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याला पुढं वाकावं लागे. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात पाणी नाही, सोमवारचा उपास कधी मोडलेला नाही. सरांनी त्यांना विचारलं, "बाई, ही पानं गळणार नाहीत असं काही करता आलं तर?"

"आलं तर बरंच आहे भाऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बाजारात आता कागदाच्या प्लेटा येऊन राह्यल्या. आमच्या पानाले कोणी विचारत नाई. रस्सा गळते म्हणते."

त्यांच्या शेजारी बुधरी बसली होती. ती गोंडाची पोर, मंडळातली सगळ्यांत बोलकी. ती म्हणाली, "गळते म्हणून तर लोक लवकर जेवतात, सर. नाई तर तुमचे पोट्टे उठलेच नसते."

झालं, माझा जन्म त्या पंगतीत ठरला. सर कॉलेजात परतले ते डोक्यात मला घेऊनच. पानांचे दोन थर एकावर एक ठेवायचे, तापलेल्या साच्यात दाबायचे, म्हणजे पानं एकमेकांना धरतील, कड वर उचलली जाईल आणि वरण जागेवर राहील. त्यांनी मला कागदावर काढलं. कॉलेजात लेथ होती, ड्रिल होतं, पण बीड ओतायची सोय नव्हती. म्हणून सर गाडीनं बल्लारपूरला नईमभाईंकडे गेले. नईमभाईंची स्वतःची ओतशाळा होती. बाजूला दोन लेथ, एक वेल्डिंगचं यंत्र, आणि दिवसभर खाणीच्या नि गिरणीच्या मोडक्या सामानाची रीघ.

नईमभाईंनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "सर, इतके वर्ष झाले, कॉलेज इथून आधा घंट्यावर आहे. आतापर्यंत तुमच्याकडून फक्त पोट्टे यायचे, फॅक्टरी-व्हिजिट म्हणून. भजे खाऊन जायचे. तुम्ही पहिले, जे काम घेऊन आले."

"आणि तुम्ही पहिले, ज्यांनी चहा न पाजता चित्र पाहिलं," सर म्हणाले.

मग चहा आला, आणि चहाबरोबर भांडणही. साच्याच्या कडेला सरांना खोल खाचांची नक्षी हवी होती. खाचांमुळं पान घट्ट धरलं जातं असं त्यांचं म्हणणं. नईमभाई म्हणत, खाच ओतायला किचकट. सर म्हणत, विजेचं कॉइल लावू. नईमभाई विचारत, मोहटोल्याला वीज दिवसातून किती वेळ असते? त्यावर सरांनीच शेगडीचा कप्पा काढला आणि धूर बाहेर जायला धुराडं कसं वळवायचं ते नईमभाईंनी सांगितलं. खाचा मात्र राहिल्या. नईमभाईंनी त्या मन लावून कोरल्या. माझ्या तोंडावरची ती नक्षी पाहून ओतशाळेतली माणसं म्हणत, हे तर नवरीच्या बांगडीसारखं दिसते. मी फुशारून जाई. पुढं याच खाचांनी मला रडवलं, पण ते नंतर.

मी तयार झालो, तेव्हा प्रश्न उभा राहिला की मी कोणाचा. माझं चित्र कॉलेजातल्या सरांचं. अंग नईमभाईंच्या भट्टीतलं. लोखंड कॉलेजच्या खर्चानं घेतलेलं, म्हणून कमरेवर कॉलेजचा नंबर. प्राचार्य वैरागडे साहेब नियमाचे पक्के. ते म्हणाले, "रामटेके, कॉलेजची वस्तू फाटकाबाहेर कशी जाईल? उद्या हरवली तर जबाबदार कोण?"

सर म्हणाले, "साहेब, हे यंत्र इथं ठेवून मी फक्त परीक्षेतले गुण देऊ शकतो. तिथं ठेवलं तर ते काम करेल."

बराच विचार करून प्राचार्यांनी एका हंगामाची परवानगी दिली, ती एका अटीवर. जवळच्या एका सिमेंट कारखान्याचं मोठं कँटीन होतं. त्याचे व्यवस्थापक मुरकुटे कॉलेजात पाहुणे म्हणून येत असत. दसऱ्यानंतर कारखान्याच्या वर्धापनदिनाचं जेवण होतं. त्या जेवणाच्या पत्रावळी मी करायच्या. मुरकुटेंना पसंत पडल्या तर कारखाना वर्षभर पत्रावळी घेईल, नईमभाईंना माझ्यासारखी आणखी यंत्रं करायला सांगेल, आणि मी मोहटोल्यातच राहीन. पसंत पडल्या नाहीत तर मला उचलून परत कॉलेजात आणायचं आणि विषय संपवायचा.

मित्रांनो, मोहटोल्यातले ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. समाजमंदिराच्या ओसरीत मला ठेवलं होतं. सकाळी बाया जंगलातून पानांचे भारे आणत. पान फार ओलं नको, फार सुकलेलं नको. त्यावर पाणी शिंपडून ओल्या पोत्याखाली झाकून ठेवत. मग मनकर्णाबाई पेडलवर पाय ठेवत, माझा वरचा साचा खाली येई, स्स असा आवाज होई आणि पानाचा गोड वास ओसरीभर पसरे. पत्रावळ बाहेर निघाली की बुधरी तिच्यात पाणी ओतून डोक्यावर धरी आणि ओसरीभर चालून दाखवी. थेंब पडत नसे. बघायला आलेल्या म्हाताऱ्या म्हणत, "बाई, हे तं थाळीच झाली."

अशात दसरा आला. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी गावातली सगळी हत्यारं, नांगर, विळे, कुऱ्हाडी धुऊन पुसून मांडली जातात आणि त्यांची पूजा होते. ज्याच्या जिवावर पोट भरायचं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे. मनकर्णाबाई मला कशा विसरतील? त्यांनी मला झेंडूची माळ घातली. कपाळी कुंकू लावू गेल्या, पण बिडाच्या गुळगुळीत तोंडावर कुंकू टिकेना, झरझर गळून पडे. तेव्हा त्यांनी वाटीत तेल घेतलं, त्यात शेंदूर कालवला, जसा वेशीवरच्या मारोतीला लावतात तसा, आणि माझ्या दोन्ही साच्यांना भक्तिभावानं माखला. खाचाखाचांत बोटं फिरवली. कुठं कोरं राहू नये.

नईमभाई त्या दिवशी पेडलची पिन बदलायला आले होते. येताना त्यांनी नारळ आणला होता. ते ओसरीच्या खांबाला टेकून पाहत उभे राहिले. त्यांच्या कपाळावर एक आठी पडलेली मी पाहिली. ते पुढं झाले, आणि मग मागं सरले.

रामटेके सर तिथं नव्हते. ते दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीला जात, आई-वडिलांना घेऊन. यंदाही गेले होते.

दसरा झाला. मनकर्णाबाईंनी साचे फडक्यानं पुसले. शेंदूर वरून गेला. त्यांना वाटलं, झालं. शेगडी पेटली, मी तापलो, आणि खाचांतलं तेल पाझरायला लागलं. पहिली पत्रावळ निघाली तिच्या कडेला नारिंगी कडं होतं. दुसरीला होतं. तिसरीला होतं. बाया खुश झाल्या. "देवानं टिळा लावला," एक जण म्हणाली. दिवसभर काम झालं आणि गठ्ठेच्या गठ्ठे रचले गेले. मला माझी शरम वाटत होती, मित्रांनो, पण यंत्राला थांबता कुठं येतं?

दुसऱ्या दिवशी जीप आली. मुरकुटे, रामटेके सर आणि नईमभाई उतरले. मुरकुटेंनी पत्रावळ हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "वा, रामटेके. मजबूत आहे. आणि हा रंग काय मस्त दिलाय कडेला. चला, भरा गाडी."

सरांनी पत्रावळ उचलली. नखानं कड खरवडली, नखाचा वास घेतला आणि माझ्याकडे आले. माझ्या खाचेत त्यांनी रुमालाचं टोक घातलं. ते नारिंगी झालं.

"हा शेंदूर आहे का, बाई?" त्यांनी विचारलं.

"खंडेनवमीचा आहे, सर."

सरांनी पत्रावळ गठ्ठ्यावर परत ठेवली. मग म्हणाले, "मुरकुटे साहेब, हा माल मी देऊ शकत नाही."

मुरकुटे चकित झाले. "अहो, परवा जेवण आहे. थोडा रंग लागला तर काय बिघडतं? मला चालतं."

"मला चालत नाही. शेंदरात शिसं असतं. गरम वरणाबरोबर ते पोटात जाईल. तुमच्या कामगारांच्या पोटात."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मागून कोणीतरी पुटपुटलं, "त्यायले आपला देव चालत नाई, म्हणून." मनकर्णाबाईंनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. मुरकुटेंनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, "मग मला बाजारातून कागदाच्याच घ्याव्या लागतील. मी प्राचार्यांना तसं कळवतो." आणि जीप वळवून निघून गेले. सर तिथंच राहिले.

मनकर्णाबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज नेहमीसारखाच हळू, पण त्यात पाणी होतं. "खरं सांगा, सर. त्या बायायनं म्हटलं तसं आहे का? आमचा देव तुमच्या आड येते का?"

"बाई, नईमभाईंचं मशीनचं तेल त्या खाचेत राहिलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं," सर म्हणाले. "तुमच्या देवाला मी कधी नाव ठेवलं का? पूजेच्या दिवशी मी इथं नव्हतो. असतो तर सांगितलं असतं."

"नसतं सांगितलं," नईमभाई म्हणाले. "मी होतो. पाह्यलो. वाटलं, इथं साच्यावर काही लावणं बराबर नाई. पण पूजा चालली होती, मी काय बोलू? तुमीबी नसते बोलले, सर."

सरांनी मान खाली घातली. खरं होतं ते.

बुधरी म्हणाली, "म्हणजे मशीन एक, मालक तीन, अन् तिघंबी एकमेकाच्या देवाले भिऊन राह्यले. आमचा गोंडाचा देव पेरसापेन बरा, त्याले मशीनशी काही घेणं नाई."

कोणी हसलं नाही, पण हवा जरा सैल झाली. मनकर्णाबाई गठ्ठ्यांजवळ गेल्या. त्यांनी वरची पत्रावळ हातात घेतली. मग म्हणाल्या, "मी रोज देवापुढं नैवेद्य ठेवतो. ज्या पानाची मले खात्री नाई, त्याच्यावर मी नैवेद्य ठेवीन का? मग दुसऱ्याच्या पोरायले त्याच्यावर जेवू कशी घालू?" त्यांनी पदर खोचला आणि सगळे गठ्ठे स्वतःच्या हातानं गावाबाहेर नेऊन खड्ड्यात पुरले. गाईगुरांनीही तोंड लावू नये म्हणून. बाया मागोमाग गेल्या.

आठवडा व्हायच्या आत कॉलेजचा टेम्पो मला न्यायला आला. अट ती अट. टेम्पोत चढवताना माझी बाजूची, उचलायची मूठ खांबाला आपटून तडकली. मनकर्णाबाईंनी तिला चिंधी बांधली आणि म्हणाल्या, "जा. मी येतो मागून." मला वाटलं, निरोप देताना बोलायची ती रीत असेल.

कॉलेजात मला या खिडकीखाली उभं केलं. माझ्यावर ताडपत्री पडली. धूळ पडली. एका पालीनं शेगडीत घर केलं. मित्रांनो, यंत्राला काम नसलं की त्याला स्वतःचं वजन जाणवायला लागतं. मी ते जाणवून घेत उभा होतो.

आणि एका सोमवारी फाटकाशी गलका ऐकू आला.

मूलवरून येणाऱ्या एस.टी.च्या टपावरून पानांचे भारे उतरवून मनकर्णाबाई आणि मंडळाच्या बाया थेट कॉलेजच्या फाटकावर आल्या होत्या. चौकीदारानं अडवलं. सर धावत गेले. प्राचार्य वैरागडेही बाहेर आले.

"बाई, मी स्पष्ट सांगितलं होतं," प्राचार्य म्हणाले. "यंत्र फाटकाबाहेर जाणार नाही."

"नका जाऊ देऊ साहेब," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मशीननं बाहेर जाऊ नये, असा तुमचा नियम आहे. बायायनं आत येऊ नये, असा आहे का?"

प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "साहेब, मुलांना यंत्र चालताना पाहायला मिळेल. प्रात्यक्षिकच आहे."

"आणि हा पाचोळा? कार्यशाळा घाण होईल."

"पाचोळा आमची बकरी खाते," बुधरी म्हणाली. "तिलेबी आणू का पुढच्या वेळी?"

प्राचार्यांच्या मिशा हलल्या. ते वळून आत गेले. नाही म्हणाले नाहीत, आणि बायांना तेवढं पुरलं.

पण माझ्या तोंडाचं काय? शेंदूर खाचांत बसलेला होता. सरांनी दोन्ही साचे उतरवून नईमभाईंच्या लेथवर नेले. तिथं पुन्हा भांडण झालं, पण या वेळी उलट्या बाजूनं. सर म्हणाले, "खाचा काढून टाका." नईमभाईंना जड गेलं, कोरीव काम त्यांच्या हातचं होतं. "सर, सगळी शान जाईल." सर म्हणाले, "जिथं फडकं पोचत नाही तिथं अन्नाच्या साच्याला शान नको." शेवटी नईमभाईंनीच तोडगा काढला. खाचा कातून टाकल्या आणि त्यांच्या जागी उथळ, गोल वळ्या दिल्या. पान धरायला पुरेशा, पुसायला सोप्या. बांगडीची नक्षी गेली. पण बोट फिरवलं तर कुठंच अडत नव्हतं. मला ते नवं तोंड जुन्यापेक्षा आवडलं.

मग दर सोमवारी बाया येऊ लागल्या. सोमवारच का, असं सरांनी विचारलं तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या, "माझा उपास असते. शिदोरी बांधायचा वेळ वाचते." बुधरी म्हणाली, "त्यांचा उपास, अन् त्यांच्यामागं आमची उपासमार." कंडक्टर टपावरच्या भाऱ्यांवरून कटकट करी. पावसाळी ढग आले की पानं भिजू नयेत म्हणून बाया स्वतःची लुगडी त्यावर टाकत. दुपारी मुलांचे तास संपले की शेडमध्ये माझी शेगडी पेटे. सुरुवातीला मुलं दारातून पाहत. मग एकानं पेडल मारून पाहिलं. मग साच्याची उष्णता मोजायला कोणी उपकरण आणलं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पत्रावळी तपासायला गेल्या आणि शिसं नसल्याचं कळलं. मनकर्णाबाई मात्र दर वेळी काम सुरू करण्याआधी पांढरं ओलं फडकं साच्यावर फिरवत आणि उजेडात धरून पाहत. फडकं पांढरंच राहिलं तरच शेगडी पेटवायची. हा नेम त्यांनी कोणी न सांगता घेतला होता, आणि त्यांचा नेम म्हणजे नेम.

प्राचार्यांनी मध्येच एकदा सरांना बोलावून सांगितलं, "रामटेके, सत्र संपेपर्यंत कारखान्यानं हो म्हटलं नाही तर हे बंद. मला वरून विचारणा होते." सरांनी येऊन तसं बायांना सांगितलं. कोणीतरी म्हणालं, मुरकुटे एकदा गेले ते गेले, ते कशाला येतात. मनकर्णाबाई म्हणाल्या, "येतील. नाई आले तर आपण जाऊ. आपल्याले जाता येते आता."

जावं लागलं नाही. सरांच्या आग्रहावरून एका सोमवारी संध्याकाळच्या सुमारास मुरकुटे आले. मनात अढी होतीच. खुर्चीवर न बसता उभ्याउभ्याच म्हणाले, "रिपोर्ट पाहिला मी. पण रिपोर्ट कागदच असतो. मागच्या वेळी ऐन वेळेला माझी फजिती झाली. कशावरून आता तसं होणार नाही?"

सर उत्तर देणार होते. पण मनकर्णाबाई पुढं झाल्या. त्यांनी फडकं ओलं करून साच्यावर फिरवलं, मुरकुटेंना दाखवलं. शेगडीवर मी तापलोच होतो. त्यांनी पानं ठेवली, पेडल दाबलं. पत्रावळ निघाली, हिरवी-तपकिरी, स्वच्छ, कडेला गोल वळ्या. त्यांनी ती खाली ठेवली. पिशवीतून डबा काढला. दिवसभराचा उपास सोडायचा होता. भात वाढला, वर गरम वरण वाढायला बुधरीला सांगितलं. वरण कॉलेजच्या वसतिगृहातून आणलं होतं, कढत. आधी त्यांनी एक घास काढून बाजूला ठेवला, डोळे मिटून हात जोडले.

मग मुरकुटेंकडे पाहून म्हणाल्या, "साहेब, आज सोमवार आहे. माझा उपास मी आजवर देवाच्या पुढं ठेवलेल्याच पानावर सोडला. आज ह्याच्यावर सोडून राह्यलो. मले ह्याच्याहून मोठी गॅरंटी येत नाई."

आणि त्या जेवल्या. सावकाश, नेहमीसारख्या. वरणाचा थेंब बाहेर आला नाही.

नईमभाई खाली मांडी घालून बसले. "बाई, मले बी एक द्या. मी बी ह्या मशीनचा बाप आहे." सरही बसले. बुधरीनं भराभर पत्रावळी काढल्या, वसतिगृहातून भात-वरणाची पातेली आली, मुलं बसली, आणि मुरकुटे काही क्षण उभे राहून मग बूट काढून पंगतीत बसले. प्राचार्य दाराशी येऊन पाहत होते. बुधरीनं न विचारता त्यांच्यासाठी एक पत्रावळ मांडली. त्यांनी चष्मा पुसला आणि बसले.

भात संपत आला तेव्हा मुरकुटे म्हणाले, "त्या दिवशी मी तसाच माल घेऊन गेलो असतो, रामटेके. मला चाललं असतं. ते आठवलं की अजून लाज वाटते." जाताना प्राचार्यांना म्हणाले, "चित्रं नईमभाईंना देऊन टाका, साहेब. कारखान्याला पत्रावळी लागतील. दर महिन्याला."

तेव्हापासून नईमभाईंच्या ओतशाळेत माझे भाऊ तयार होऊ लागले. चित्र कॉलेजचं, ओतकाम बल्लारपूरचं, आणि साच्याच्या वळ्या मनकर्णाबाईंनी बोट फिरवून पास केलेल्या. पहिला भाऊ मोहटोल्याला गेला. मला वाटलं होतं, मी जाईन. पण माझ्या कमरेवर नंबर होता, आणि नियम नियमाच्या जागी राहिला. जायच्या आधी मनकर्णाबाई माझ्याजवळ आल्या. माझ्या तडकलेल्या मुठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू इथीच राह्य. इथं पोरं शिकतात. त्यायले कोणीतरी पाह्यजे." मला वाईट वाटलं, पण ते काम मी अंगावर घेतलं.

पुढचे भाऊ आणखी आत गेले, गडचिरोलीच्या जंगलात, पार तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडेही. तिथल्या बाया त्यांच्याशी तेलुगूत बोलतात म्हणे. दर हंगामाला सरांचे विद्यार्थी जाऊन त्यांची तपासणी करतात. सर आता केस पिकलेले, पण अजून पेडल स्वतः मारून पाहतात.

मी मात्र थांबलो आहे. नव्या अभ्यासक्रमात नवी यंत्रं आली. माझ्या अंगावरची ताडपत्री महिनोन्महिने निघत नाही. खंडेनवमीला मुलं येतात, मला हार घालतात, उदबत्ती लावतात, प्रसाद वाटून निघून जातात. माझ्या शेगडीत जुनी राख तशीच असते, पेडलची पिन गंजलेली असते. मित्रांनो, तुमच्या हारावर माझा राग नाही. मोहटोल्याच्या ओसरीत मी शिकलो की प्रेमानं माखलेली वस्तूही माणसाच्या पोटाला बाधू शकते, आणि खरी पूजा पांढऱ्या ओल्या फडक्यात असते. म्हणून एवढंच मागतो. हार घालायच्या आधी राख काढा. साचा पुसा आणि फडकं उजेडात धरून पाहा. तेल द्यायचं तर पेडलच्या पिनेला द्या, तोंडाला नको. आणि उद्या कोणी गावाकडची बाई पानांचा भारा घेऊन फाटकाशी उभी राहिली, तर तिला आत घेऊन या आणि माझी शेगडी पेटवा. मी अजून दाबू शकतो.